मुलाच्या मापाची सायकल

मास्तरांना माणसाचं तोंड लक्षात राहायचं नाही, माप राहायचं. रस्त्यात कोणी हात केला की ते आधी खांद्याकडे बघणार, मग पोटाकडे, आणि मग कुठे म्हणणार, "हां हां, तुमचा राखाडी कोट. डावा खांदा उतरलेला." समोरचा ओशाळायचा. मास्तरांना त्याचं काही नसे. बाजाराच्या टोकाला, जिन्याखालच्या चिंचोळ्या गाळ्यात त्यांनी जन्मभर कोट शिवले. तयार कपड्यांचं नाव काढलं की त्यांचं डोकं फिरायचं. "कोणाच्या मापाचे असतात ते? कोणाच्याच नाही. आणि घालतो मात्र जो तो," असं म्हणत ते कातर आपटायचे. माणूस फटकळ, पण हाताला तोड नव्हती.

त्यांना एकच मुलगा. सगळा बाजार त्याला लंबू म्हणायचा, आणि खरं सांगायचं तर ते नाव जरा फसवंच होतं. त्याचे पाय बेताचेच होते. लांब होतं ते धड. बसलेला असला की ताडमाड वाटायचा आणि उभा राहिला की बघणाऱ्याला वाटायचं, हा एवढाच? मास्तरांचं नेमकं उलटं, पाय लांब आणि धड आखूड. पोराचा सदरा शिवताना ते दर खेपेला वैतागायचे, कारण दर खेपेला पाठ अपुरी पडायची. "हा माझ्यावर गेलाच नाही," असं ते बायकोला सांगायचे. मास्तरीण म्हणायची, "बरं झालं. घरात एक तुम्ही पुरे."

लंबू एका कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग काढायचा. उरलेला सगळा जीव सायकलीत. दुकानातली कुठलीच सायकल त्याला धड बसायची नाही. सीटची उंची पायाला जमली की हँडल छातीशी यायचं, आणि हँडल लांब असलेली सायकल घेतली की पाय पायडलला पोचायचे नाहीत. शेवटी त्याने मापाची सायकल करून घ्यायचं ठरवलं. वर्कशॉपांच्या गल्लीत एक बाई होती. स्टीलच्या नळ्या कापायची, पितळ वितळवून त्या जोडायची आणि ज्याच्या त्याच्या अंगाप्रमाणे फ्रेम बांधून द्यायची. तिला सगळे फ्रेमवाली म्हणायचे. मापाचं काम म्हटल्यावर मास्तर घरी कसले बसतात? गळ्यात टेप अडकवून पोराबरोबर निघाले.

तिथे गेल्यावर मात्र त्यांचा टेप गळ्यातच राहिला. मास्तरांनी जन्मभर उभ्या माणसाचं माप घेतलेलं. फ्रेमवालीने लंबूला उभं केलंच नाही. एका लोखंडी घोड्यावर बसवलं, हँडल मागेपुढे सरकवता येईल असं, आणि म्हणाली, "मार पायडल." तो घामाघूम होईपर्यंत ती नुसती भोवती फिरत राहिली. कुठे त्याच्या कोपराला बोट लाव, कुठे मानेखाली हात धर. मग तिने विचारलं, "तुला आराम हवाय की चढ?"

"चढ," लंबू म्हणाला.

"मग नीट ऐक. पुढची नळी मी ताठ बसवणार. हँडल मनात आणलंस तरी वळेल. मागचं चाक सीटखाली ओढून घेणार, म्हणजे चढावर उभा राहिलास की सगळा जोर चाकात. हँडल खाली आणि लांब, वारा कापायला. पण अशी सायकल माणसाला लाड करू देत नाही. मान आणि तळहात बोलायला लागतात. आणि उतारावर हात सैल सोडायचे. घट्ट धरलंस तर ती बिथरते."

"तुमच्यासारखीच आहे की, बाबा," लंबू म्हणाला. फ्रेमवाली हसली. मास्तरांनी हसू दाबलं आणि नळ्यांकडे बघण्याचं सोंग केलं.

सायकल वर्षभर चालवली असेल नसेल, लंबूला ताप आला. साधा ताप आहे, असं डॉक्टरांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे म्हणाले. आठवड्याच्या आत पोरगं गेलं. सायकलीचा त्यात काडीचा दोष नव्हता, आणि कदाचित म्हणूनच तिच्यावर राग काढायचीही सोय राहिली नाही. मास्तरांनी ती गाळ्यात पडद्यामागे हुकावर टांगली आणि वर जुनी चादर टाकली. मास्तरणीने तोंडाला कुलूप घातलं. रडली नाही, ओरडली नाही, त्याचं नाव काढलं नाही. येणारे जाणारे म्हणायचे, बाई रडली पाहिजे, एकदा मोकळं झालं पाहिजे. त्यांचं काय जातं म्हणायला.

पुढच्या हिवाळ्यात गाळ्यात ओल आली. भिंत खरवडायला गवंडी यायचा होता, म्हणून मास्तरांनी सायकल घरी न्यायची ठरवली. घर टेकडीच्या पलीकडे. बाजारातून चढ चढायचा, माथ्यावरून उतरायचं, खाली एक वळण, आणि वळणाच्या समोरच त्यांच्या घराची दुसऱ्या मजल्याची खिडकी. सायकल हातात धरून निघाले तर चार पावलांवर लोक विचारायला लागले, पंक्चर का? हवा गेली का? मास्तर वैतागले आणि सरळ टांग टाकून बसले. तरुणपणी त्यांनी सायकल रेटलेली होती. जमेल, असं वाटलं.

जमलं, पण कसं? हात पसरले तरी हँडल येईना. मग कंबर ताणली, मान पुढे काढली, खांदे कानाशी आले, तेव्हा कुठे बोटं हँडलला लागली. अख्खं अंग कोणीतरी दोन टोकांना धरून ओढल्यासारखं झालं. तसेच ते चढाला लागले. आणि काय सांगायचं, सायकल वर निघाली. मास्तर तिला चढवत नव्हते. जरा उभं राहून पाय दाबला की ती पुढे झेप घ्यायची, जणू तिला रस्ता पाठ होता आणि वर कुणीतरी तिची वाट बघत होतं. माथ्यावर पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आपण दम खायला कुठेच थांबलो नाही. त्यांनी मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं.

उतरून वळणावर आले तेव्हा मास्तरीण खिडकीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. तिने सहज खाली बघितलं, आणि तिचा चेहरा उजळला. दुसरा शब्द नाही त्याला. दिवस गेले, महिने गेले, ह्या बाईच्या तोंडावर ऊन पडलं नव्हतं. ते त्या क्षणी पडलं. हातातला सदरा तिच्या हातून सुटून खाली आला. मास्तरांनी मान वर केली आणि ते ऊन गेलं. तिने नुसतं म्हटलं, "तुम्ही होय." मग खाली येऊन सदरा उचलून घेऊन गेली.

गवंड्याचं काम दोन दिवसांत झालं. सायकल काही परत हुकावर गेली नाही.

मास्तर रोज सायकलीने जायला लागले. म्हणायचे, गुडघे मोकळे होतात. खोटं साफ. ते जायचे परत येण्यासाठी, आणि परत यायचे त्या वळणासाठी. संध्याकाळी वळणावर आलं की खिडकीत ती उभी, आणि तिचा चेहरा उजळलेला. फाटकापर्यंत यायला लागतात तेवढेच क्षण. मास्तर मुद्दाम मान खाली ठेवायचे, पाठ आणखी ताणायचे. आपलं पोर तिला परत देतोय, दिवसातून एकदा का होईना, असं त्यांना वाटायचं. आणि हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं.

बाजारातही चमत्कारिक गोष्टी व्हायला लागल्या. फळवाला लंबूला बघितलं की नेहमी ओरडायचा, "लंबू, घोडं दामटव." एका संध्याकाळी मास्तर समोरून गेले तेव्हा त्याने सवयीने तशीच आरोळी ठोकली, आणि मग हातातला तराजू तसाच धरून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी तो मास्तरांच्या नजरेला नजर देईना. काचसामानाच्या दुकानासमोरून जाताना मास्तरांना काचेत एक लांब पाठ दिसायची, कंबरेपासून मानेपर्यंत सरळ ताणलेली. ही पाठ त्यांनी शंभरदा मापली होती. ती त्यांची नव्हती. ते काचेकडे बघत राहायचे, काचेतली पाठ पुढे निघून जायची, आणि मास्तरांना भीती वाटायची ती ह्याची, की आपण मागे राहिलो आणि तो एकटाच घरी पोचला तर?

ह्या सगळ्याची वसुली अंग करत होतं. मान रात्री उशीवर टेकववत नसे. आणि हात. आधी करंगळीला मुंग्या यायच्या, मग शेजारच्या बोटाला. मग मुंग्याही येईनात. दोन्ही हातांची ती दोन बोटं लाकडाची झाली. आता शिंप्याची बोटं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. करंगळीने कापड दाबून धरायचं, तिच्या शेजारच्याने ताण ओळखायचा. मास्तर कोणाला बोलले नाहीत. एके दुपारी ते पांढरं अस्तर शिवत होते. गिऱ्हाईक समोर बसलेलं, कॉलेजातला प्रोफेसर, मोठा गप्पिष्ट. बोलता बोलता तो थांबला आणि म्हणाला, "मास्तर, अहो रक्त." सुई करंगळीत अर्धी गेली होती. अस्तरावर रुपयाएवढा डाग पसरला होता आणि मास्तरांना पत्ता नव्हता.

अस्तर बदलता येतं. बोटं गेली तर? गाळा बंद. मग सकाळी उठून जायचं कुठे आणि दिवसभर करायचं काय? त्या रिकाम्या घरात एकमेकांची तोंडं बघत बसायचं? त्यांनी त्याच संध्याकाळी वर्कशॉपांची गल्ली गाठली.

फ्रेमवालीने सायकल लगेच ओळखली. तिचा चेहरा उतरला. तिने नळीवरून हात फिरवला. मग मास्तरांना म्हणाली, "बसा तिच्यावर." सायकल भिंतीला टेकवून मास्तर वर बसले. ती बघत राहिली.

"मास्तर, ही तुमची नाही."

"माहीत आहे मला."

"तुमची पाठ एवढी नाहीच. कुठून आणता रोज? कंबर ओढता, खांदे ओढता, तरी पुरत नाही, म्हणून सगळा भार तळहातांवर टाकता. तळहाताच्या ह्या कडेला शीर असते. ती दबली की करंगळी जाते. ही सायकल तुम्हाला रोज ओढून त्याच्या आकाराचं करते आहे. किती दिवस ओढणार?"

मास्तर खाली उतरले. शिंपी तो शिंपी. म्हणाले, "मग आत घ्या की थोडी. इथून दोन बोटं, तिथून एक. कोट घट्टसैल करतो तसं."

"तुम्ही कोटात दाब ठेवता. शिवणीच्या आत जादा कापड असतं, म्हणून उसवून पुन्हा शिवता येतं. नळीला दाब नसतो, मास्तर. हिचं एक टोक हलवलं की सगळीच बिघडते. तुमच्यासाठी दुसरी बांधते. समोरून उंच, हँडल जवळ, पुढची नळी जराशी मागे कललेली. पाठ सरळ राहील तुमची."

पाठ सरळ. पाठ सरळ झाली की वळणावर कोण येणार? एक म्हातारा शिंपी येणार. "नको," ते म्हणाले, "मी करतो काहीतरी." फ्रेमवालीने हात टेकले. पण जाताना तिने बजावलं, की आहे तशी चालवा नाहीतर ठेवून द्या, पण तिच्यात हात घालू नका.

ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्याच्या शिवणी उसवल्या, तो हात घातल्याशिवाय राहतोय? मास्तरांनी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला गाठलं. हँडल आणि फ्रेम यांना जोडणारा तो लहानसा गज असतो ना, तो काढून अगदी आखूड बसवला. हँडल वर चढवलं. सीट जाईल तेवढी पुढे ढकलली. शिंप्याची अक्कल: पुढून आत घेतलं, मागून आत घेतलं, झालं मापात. आणि त्या संध्याकाळी खरोखर मानेला बरं वाटलं. मास्तर खुशीत वळणावर आले.

मास्तरीण खिडकीत होती. तिने बघितलं, ओळखलं, मान हलवली. बस. तिच्या चेहऱ्यावर काही आलं नाही आणि म्हणून काही गेलंही नाही. जेवताना मास्तर तिच्याकडे बघत राहिले. ती रोजच्यासारखी भाजी वाढत होती. आज मी त्याला आणलं नाही, असं त्यांना वाटलं. हातात होतं आणि आणलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हँडल पुन्हा खाली घेतलं, होतं त्याच्याहूनही खाली. आखूड गज तसाच राहिला, पंक्चरवाल्याने जुना कुठे टाकला ते त्याला आठवेना. सीटही पुढेच. घाई होती ना. लंबूची पाठ परत दिसली की झालं, बाकी कसंही चालेल, असा हिशेब. आता ह्या माणसाला कोण सांगणार, की अशा ताठ सायकलीला हँडल आखूड केलं की ती नुसत्या श्वासाने वळते, आणि सीट पुढे घेतली की सगळा भार पुढच्या चाकावर येतो? सांगितलं होतं एकीने. ऐकतंय कोण.

चढ कसाबसा झाला. सायकल आज झेप घेत नव्हती, नुसती डोकं झाडत होती, डावीकडे उजवीकडे. माथ्यावर मास्तरांनी थांबायला हवं होतं. पण खाली खिडकी दिसत होती, खिडकीत ती दिसत होती. त्यांनी सायकल सोडली. वारा कानात शिरला आणि पुढचं चाक थरथरायला लागलं. आधी बारीक, मग अख्खं हँडल हातात फडफडायला लागलं. घाबरलेला माणूस करतो तेच त्यांनी केलं, सगळ्या ताकदीने आवळून धरलं. बोटांना कळत नव्हतं आपण किती आवळतोय. आणि त्यांना स्पष्ट वाटलं, की हँडलवर आपल्या हातांवर आणखी दोन हात आहेत आणि ते आपली बोटं सोडवायचा प्रयत्न करताहेत. "सोडा, बाबा," असं कोणी म्हटलं का? मास्तर पुढे शपथेवर सांगायचे, म्हटलं. वळणावर सायकल त्यांच्याखालून निघून गेली आणि ते रस्त्यावर कुशीवर घसरत गेले.

मास्तरीण अनवाणी धावत आली. पडल्या पडल्या मास्तरांच्या मनात एकच होतं, आता ही त्याच्या नावाने हाक मारणार. तिने हाक मारली ती "अहो" अशी. त्यांना उठवलं, हाड मोडलंय का चाचपून बघितलं. मोडलं नव्हतं. कोपर आणि मांडी सोलवटली होती. सायकलीला ओरखडाही नव्हता. शेजारचा इस्त्रीवाला धावत आला, त्याने ती उचलून फाटकाशी लावली.

घरात तिने गरम पाणी घेतलं आणि कोपर धुवायला बसली. मग खाली बघूनच म्हणाली, "आता पुरे करा."

"काय पुरे करू?"

"ती सायकल. रोज तो वळणावर येतो. मला माहीत असतं तो नाही, तरी येतो. आणि फाटकापर्यंत येईस्तोवर जातो. एकदा गेला ते कसंबसं सोसलं. आता रोज जातो, रोज माझ्या डोळ्यांदेखत."

मास्तर म्हणाले, "मग खिडकीत का उभी राहायचीस?"

"तुमच्यासाठी." तिने कापड पिळलं. "एकदा मी आत होते. पडद्याआडून बघितलं तर तुम्ही वळणावर एक पाय टेकून खिडकीकडे बघत उभे. अंधार पडत आला तरी उभेच. मला वाटलं, ह्यांना हवंय हे. ह्यांचं एवढंच उरलंय, तर उभं राहू. माझं काय."

म्हणजे बघा. हा बोटं मारून घेत होता तिच्यासाठी, आणि ती रोज मुलगा गमावत होती ह्याच्यासाठी, आणि दोघंही मूग गिळून गप्प. मास्तर चिडले. कोणावर ते त्यांनाही कळलं नाही. "बोलायचं नाही का एकदा?" असं म्हणाले आणि त्यांचा आवाज चिरकला. ती म्हणाली, "तुम्ही बोललात?"

कोपराची जखम भरल्यावर मास्तर फ्रेमवालीकडे गेले. ह्या वेळी लोखंडी घोड्यावर ते बसले. ती भोवती फिरली, मानेखाली हात धरला, कोपराला बोट लावलं. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. जन्मात त्यांचं माप कोणी घेतलं नव्हतं. स्वतःचे कपडे ते अंदाजाने बेतायचे. तिने विचारलं, "आराम की चढ?"

"चढ आहेच," मास्तर म्हणाले. "तो कुठे जातोय. दुखायला नको एवढं बघा."

तिने बांधली ती सायकल दिसायला साधी होती. समोरची नळी उंच, त्यामुळे हँडल छातीसमोर आपोआप यायचं. पुढचं चाक जरा लांब टाकलेलं, मागचंही सीटपासून सरकवलेलं, आणि टायर जाड. ही झेप घेणार नाही, असं तिने आधीच सांगितलं. बसून, सावकाश, एका चालीने चढवा. उतारावर ही सरळ जाते, तुम्ही विसरलात तरी ती विसरत नाही. जुन्या सायकलीचं काय करायचं हे तिने विचारलं नाही. मास्तरांनी ती पुन्हा हुकावर टांगली. चादर मात्र घातली नाही.

पहिल्या संध्याकाळी ते नव्या सायकलीवर निघाले. फळवाल्याने हात केला, मास्तरांनीही केला. काचसामानाच्या दुकानासमोर त्यांनी बघितलं, काचेत एक आखूड धडाचा माणूस ताठ बसून चालला होता. चढ लागला. सायकल कुठेच ओढत नव्हती, ढकलत नव्हती. पाय फिरवू तेवढीच जात होती. मास्तरांनी मान हलवून बघितली. बोटं उघडली, मिटली. सायकलीशिवाय गेलेल्या दिवसांत करंगळी जागी झाली होती, तिला हँडलचं रबर लागत होतं, खरखरीत, थंड. काहीसुद्धा दुखत नव्हतं.

अर्ध्या चढावर ते उतरले आणि रस्त्याच्या कडेला बसले. इतके दिवस मानेत कळ यायची, तळहात जळायचे, पाठ तुटायची, आणि त्या प्रत्येक कळेत तो होता. आता अंग त्यांचं एकट्याचं होतं, आणि त्यात दुसरं कोणी नव्हतं. फटकळ माणूस, पण लहान पोरासारखे रडले. एक टेम्पो हळू झाला, चालवणाऱ्याने विचारलं, "काका, लागलं का काही?" मास्तर म्हणाले, "नाही हो. काही लागलं नाही."

वळणावर आले तेव्हा ती खिडकीत होती. मास्तरांनी मान खाली घातली नाही. घालायचं कारणच नव्हतं, रस्ता, भिंत, खिडकी सगळं समोर सरळ दिसत होतं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. ती त्यांच्या मागचा रस्ता बघत होती. मास्तर फाटकाशी उतरले आणि त्यांनीही वळून तिकडेच बघितलं. माथ्यापासून वळणापर्यंत रस्ता पडला होता, एक माणूस नाही, एक गाडी नाही. दोघं बराच वेळ बघत राहिले, ती वरून आणि ते खालून.

"आज नाही आला," ती म्हणाली.

"नाही," मास्तर म्हणाले. "आता नाही यायचा."

तेव्हा ती रडायला लागली. मोठ्याने, गल्लीला ऐकू जाईल अशी, आणि त्याचं नाव घेत. इस्त्रीवाला दारात आला आणि परत आत गेला. मास्तरांनी सायकल भिंतीला टेकवली आणि जिना चढायला लागले.